चार चाकांची ताकद

कात्रजच्या जुन्या बोगद्यातून शिंदेवाडीकडे उतरताना माझे मामू जीपचा दुसरा गिअर सोडत नसत. मागे बसलेला मी कंटाळायचो. ‘ज्या गिअरात चढलो, त्यातच उतरायचं,’ एवढंच ते म्हणत.

पुढे ती जीप माझ्याकडे आली. एका पावसाळ्यात घाटाखालच्या शेतरस्त्यात रुतलो. गिअरजवळचा छोटा दांडा ओढला, चारी चाकांना जोर मिळाला आणि गाडी अलगद वर आली. मग काय, मस्ती चढली! (कवीला ती लवकर चढते.) त्याच मस्तीत घाटातल्या ओल्या वळणावर ब्रेक दाबला. गाडी सरळ घसरत जाऊन कठड्याच्या वीतभर अलीकडे थांबली.

तेव्हा कळलं, फोर व्हील ड्राइव्हमुळे ओढण्याची ताकद चारी चाकांत वाटली जाते; थांबण्याची वाढत नाही. ब्रेक तर साध्या गाडीच्याही चारी चाकांना असतात.

कोरड्या डांबरीवर जुन्या जीपचा तो दांडा लावूच नये. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, यंत्रणा मात्र दोन्ही जोड्यांना सारखंच फिरवते. स्टिअरिंग जड होतं, यंत्रणेला पीळ बसतो. चिखलात चाकं थोडी घसरतात आणि तो पीळ सुटतो. कच्च्या, तीव्र उतारावर ‘लो’ लावावा, पहिला गिअर टाकून क्लचवरून पाय काढावा. इंजिनच गाडी धरून ठेवतं.

डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं, की हा आधार जातो. सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात, पकड सुटते. नव्या बोगद्याकडून उतरणाऱ्या रस्त्यावर, नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ च्या संध्याकाळी एक ट्रक अनेक गाड्यांवर आदळला. त्यानंतर मी मुलाला जीपची किल्ली दिली, ती आधी मामूंचा दुसरा गिअर शिकवूनच.