पत्र्याखालचा उन्हाळा



माळवदाची जाड माती ऊन थोपवायची. पत्रा मात्र तापला की सगळी धग खाली सोडतो. मग पंखा गरम हवाच फिरवणार आणि वर वीजबिल वाढणार! हाल होतात ते म्हाताऱ्या माणसांचे नि तान्ह्या पोरांचे.

उपाय दोन. उन्हाळ्याच्या तोंडी पत्र्यावर पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्या. पांढरा रंग ऊन परतवतो. पावसात तो धुऊन जातो, म्हणून दरसाल द्यावा. ऐपत असेल त्याने पत्र्याखाली वीतभर पोकळी सोडून जिप्समचे छत करावे आणि गरम हवा निघायला दोन्ही टोकांना झरोके ठेवावेत.

पत्र्यावर पाचट मात्र घालू नका. गारवा मिळतो खरा, पण एका ठिणगीने घर जाते. पाचट उसाच्या सरीतच बरे.