झाडाला झाड दिले, पण बिबट्याला घर कुठले?

मुंबईत म्हशींचे गोठे, पॅरा गवताचे पट्टे आणि आदिवासी पाडे आहेत, असे सांगितले तर आपल्याकडच्या शेतकऱ्याला चटकन पटत नाही. पण गोरेगाव स्टेशनाहून बसने आरे कॉलनीत उतरले की हे सारे डोळ्यांनी दिसते. शहरातले गोठे एका जागी आणण्यासाठी १९४९ साली ही दूध वसाहत सुरू झाली आणि मार्च १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. क्षेत्र सुमारे ३,१६० एकर. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान अगदी लागून. त्यामुळे गवताच्या बांधावर बिबट्याचा ठसा उमटला तरी इथल्या माणसाला नवल वाटत नाही.

मी गेलो होतो चारा पिके बघायला. एका पाड्यावर मिरचीच्या वाफ्यात काम करणाऱ्या वारली आजोबांना विचारले, "बाबा, भीती नाही का वाटत?" ते म्हणाले, "तो त्याच्या वाटेनं जातो, सायेब. आमी आमच्या वाटेनं." वाघोबाला देव मानणारी ही माणसे आहेत. मात्र सगळे गोडच आहे असे नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ऐन दिवाळीत आरेत बिबट्याच्या हल्ल्यात एक लहानगी दगावली. आजोबा म्हणाले ती 'वाट' मोडली, कचरा वाढला, कचऱ्यावर कुत्री पोसली, की कुत्र्यामागे बिबट्या घरापर्यंत येतो. मोल माणसालाच चुकवावे लागते.

रोप म्हणजे जंगल नव्हे

ही वाट मोडण्याचे मोठे कारण म्हणजे बांधकामे आणि रस्ते. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली २,१४१ झाडे तोडली गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. आता गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता होतो आहे. लांबी सुमारे १२ किलोमीटर. राष्ट्रीय उद्यानाखालून ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे जाणार आहेत. वरचे जंगल वाचावे म्हणून बोगदा, हा विचार चांगलाच. पण बोगद्याला तोंड लागते, आणि तोंडाजवळची झाडे जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रनगरीतील ९५ झाडे तोडायला परवानगी दिली. भरपाईची लागवड नीट झाली नाही तर परवानग्या मागे घेऊ, असेही न्यायालयाने पुढे बजावले.

न्यायालयाला असे बजावावे का लागले, हे आम्हा शेतीखात्यातल्या माणसांना विचारा. एका रस्त्याकडेच्या लागवडीची पाहणी मी स्वतः केली आहे. कागदावर रोपे शंभर. दुसऱ्या उन्हाळ्यात जागेवर नुसत्या लोखंडी जाळ्या उभ्या! खड्डा लहान, पाणी नाही, राखण नाही. फळबाग लावणारा शेतकरी असे कधी करील काय?

शहरी भागातील झाडांच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. जितक्या वर्षांचे झाड तोडाल तितकी रोपे लावा, असा नियम आला. चांगलेच झाले. परंतु बिबट्या झाडांचा हिशेब करीत नाही. त्याला दडायला गवत-झुडूप लागते, प्यायला ओहोळ लागतो, फिरायला सलग रान लागते. ते आरेत मोडले आणि रोपे दुसऱ्या जिल्ह्यात लावली, तर आरेच्या बिबट्याने तिथे जायचे कसे? एसटीने?

मग उपाय काय?

पहिला उपाय म्हणजे आहे ते राखणे. आरेतलीच सुमारे ८१२ एकर जमीन राखीव वन करण्याचा निर्णय २०२० साली झाला आणि पुढच्या वर्षी ती राष्ट्रीय उद्यानाकडे सोपवण्यात आली. रोप न लावता जंगल वाढले, कारण ते मुळात तिथे होतेच. उद्यान आणि आसपासच्या परिसरात २०१५ च्या गणनेत ३५ बिबटे दिसले होते, २०२४ च्या गणनेत ५४.

दुसरा उपाय आपल्याच राज्यात, नागपूरकडे पाहायला मिळतो. पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ रुंद करताना वन्यप्राण्यांसाठी खालून नऊ मार्ग ठेवले. त्यातला सर्वांत लांब ७५० मीटरचा. वर गाड्या, खाली रान. २०१९ साली भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले, तेव्हा १८ जातींचे प्राणी ये-जा करताना टिपले गेले. ११ वाघ तर मिळून ८९ वेळा गेले. जागा बरोबर निवडली तर जनावर वापरते, हे सिद्ध झाले. उलट घोडबंदर रस्त्यावर आणि अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने बिबटे मेल्याच्या नोंदी आहेत.

थोडक्यात क्रम असा: आधी नुकसान टाळा, मग कमी करा, आणि शेवटी जे उरेल त्याचीच भरपाई करा. आपल्याकडे बहुतेक वेळा भरपाईपासूनच सुरुवात होते.

शेतकरी बंधूंनो, आज ना उद्या तुमच्याही शिवाराजवळून चौपदरी रस्ता जाईल. रस्ता नको असे कोण म्हणेल? माल बाजारात वेळेवर पोचला पाहिजे. पण मोजणीवाले येतील तेव्हा ग्रामसभेत चार गोष्टी जरूर विचारा. जनावरांची जुनी वाट कुठून जाते, हे गुराख्यांना विचारून नकाशावर घेतले काय? त्या जागी खालून मार्ग ठेवला काय? भरपाईची लागवड याच ओढ्याच्या पाणलोटात होणार काय? आणि तीन उन्हाळे पाणी कोण घालणार?

रानडुक्कर, नीलगाय, बिबट्या रस्त्याने अडले की वळतात ते आपल्या पिकाकडे आणि गोठ्याकडे. म्हणून त्यांची वाट राखणे हा केवळ शहरातल्या निसर्गप्रेमींचा प्रश्न नाही. तो तुमच्या उसाचा, शेळ्यांचा आणि अंगणात खेळणाऱ्या लेकराचाही प्रश्न आहे.