दिवा झाडाखाली, झोत कुठे?

बागेसाठी स्पॉटलाइट घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाचा दुकानातला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती वॅटचा आहे?" वॅटवरून दिवा वीज किती खातो, एवढंच कळतं. उजेड मोजायचा तो ल्युमेनमध्ये. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब ७०० ते ८०० ल्युमेन देई. तेवढा उजेड आज आठ-नऊ वॅटचा एलईडी देतो. पण बागेत नुसत्या ल्युमेननेही भागत नाही. खरी मेख आहे झोताच्या कोनात.

बारा मीटर उंचीवर शेंडा असलेला नारळ घ्या. बुंध्याशी ६० अंशांचा दिवा लावला, तर शेंड्यापर्यंत पोचेतो झोत जवळजवळ १४ मीटर रुंद होतो. झावळ्यांच्या वाट्याला येतो थोडासा उजेड, बाकीचा आभाळात वाया. १५ अंशांचा झोत त्याच उंचीवर जेमतेम सव्वातीन मीटर पसरतो. तोच उजेड सुमारे एकोणीसपट लहान जागेवर पडतो. "उजेड पुरत नाही" म्हणून पन्नास वॅटचा फ्लडलाइट आणणाऱ्यांना बहुतेक वेळा हवा असतो कमी वॅटचा, पण अरुंद झोताचा दिवा. डेरेदार आंब्याला मात्र रुंद झोतच शोभतो.

खोक्यावर 'आयपी ६५' असलं की दिवा कुठेही पुरता येतो, हा दुसरा पक्का समज. यातला ६ धुळीपासूनचं संरक्षण सांगतो आणि ५ पाण्याच्या फवाऱ्यापासूनचं. साचलेल्या पाण्याची हमी त्यात नाही. जमिनीत बसवायच्या दिव्याला निदान आयपी ६७ हवं, आणि तेही एक मीटर पाण्यात अर्ध्या तासापुरतंच तपासलेलं असतं. जुलैत कोकणातला खड्डा अर्ध्या तासात रिकामा होत नाही. दिव्याखाली खडीचा थर आणि पाण्याला वाट हवीच. जांभ्याच्या जमिनीत पाणी लवकर मुरतं. काळी माती ते धरून ठेवते, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि नुसता खुपसलेला दिवा कलतो. तिथे काँक्रीटचा छोटा ठोकळा ओतून त्यावर दिवा बसवावा. किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेत ३०४ पेक्षा ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील जास्त टिकतं.

शिवाय पाणी बऱ्याचदा दिव्यात नव्हे, वायरच्या जोडात शिरतं. मातीखाली काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेला जोड म्हणजे पुढच्या पावसाळ्यातला बिघाड. जोड जमिनीच्या वर, बंद जंक्शन बॉक्समध्येच असावेत.

"एमसीबी आहे ना, मग शॉकची काय भीती?" हा समज सगळ्यांत घातक. एमसीबी पडतो तो जास्त भाराने किंवा शॉर्टसर्किटने. ओल्या गवतावर अनवाणी उभ्या माणसाच्या अंगातून जाणारा जीवघेणा प्रवाह त्याला जाणवतही नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग लागतं. पोरं खेळतात त्या बागेत २३० व्होल्ट न्यावेतच कशाला? १२ किंवा २४ व्होल्टचे दिवे अधिक सुरक्षित. मात्र कमी व्होल्टेजला कुठलीही बारीक वायर चालते, असं नाही. १२ व्होल्टवर एकूण ६० वॅटचे दिवे २० मीटर लांब नेले, तर दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत जवळपास अडीच व्होल्ट वाटेतच गळतात आणि शेवटचे दिवे मंदावू शकतात. तेच २४ व्होल्टवर केलं तर सव्वा व्होल्टच गळतो.

सोलर दिवे वाईट नाहीत. पण दिव्यावरच चिकटलेलं पॅनेल झाडाच्या सावलीत राहिलं, की बॅटरी अर्धवटच भरते. पॅनेल वेगळं असलेला संच घ्यावा आणि ते उन्हात, दक्षिणेकडे तोंड करून बसवावं.

पांढराशुभ्र दिवा रात्रभर चालू ठेवल्याने बागेचं काही बिघडत नाही, हेही खरं नाही. शेवंती फुलते ती रात्र लांबू लागल्यावर. फुलं लांबवायला शेतकरी मुद्दाम रात्री दिवे लावतात. अंगणातल्या शेवंतीवरही झोत हाच परिणाम करतो. जानेवारी २०२४ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या संशोधनाने दाखवलं की कीटक उजेडाकडे पाठ करून उडतात, म्हणून दिव्याभोवती अडकतात. खालून वर रोखलेल्या दिव्यावरून जाताना तर उलटे होऊन कोसळतात. भंडारदरा, राजमाचीच्या परिसरात मे-जूनमध्ये काजव्यांचे नर चमकून मादीला खुणावतात. प्रखर उजेडात त्या खुणा बुडतात. तिथल्या फार्महाउसवाल्यांनी त्या दिवसांत बागेतले दिवे बंदच ठेवायला हवेत. इतरत्र ६५०० केल्व्हिनऐवजी २७०० चा पिवळसर दिवा कमी कीटक ओढतो. सोबत टायमर लावून दहाला तो बंद करावा.

खड्डे खणण्याआधी एक रात्र द्यावी. दिवे लांब वायरीवर तात्पुरते ठेवून दिवाणखान्यातून, फाटकातून आणि शेजाऱ्यांच्या खिडकीच्या बाजूने पाहावं. डोळ्यांत झोत येत असेल तर दिवा झुडपामागे सरकवावा किंवा त्याला टोपण लावावं. पक्कं बसवताना प्रत्येक दिव्याशी हातभर वायर जास्तीची सोडावी. झाड वाढेल, तसा दिवा मागे घ्यावा लागतो.