पर्यावरणाचे तंत्रज्ञान आणि आपण
(बी. ए. द्वितीय वर्ष)

‘पर्यावरण’ हा शब्द आता आपल्याला नवा राहिलेला नाही. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण सर्वांना देण्याविषयी आदेश दिला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने तो विषय पदवीच्या सर्व शाखांना लागू केला. परंतु आपल्यापैकी बहुतेकांचा त्याच्याशी संबंध परीक्षेपुरताच येतो. प्रदूषणाचे प्रकार पाठ करायचे, उपाय म्हणून ‘झाडे लावा’ असे लिहायचे आणि मोकळे व्हायचे! या विषयामागे एक मोठे तंत्र उभे आहे आणि त्यात आयुष्य घडविण्याची वाटही आहे, हा विचार फारसा होत नाही. तोच येथे मांडण्याचा प्रयत्न आहे.

पर्यावरण तंत्रज्ञान म्हणजे काय? पाणी, हवा, माती आणि कचरा यांचे मोजमाप करणे व ती पुन्हा निर्मळ होतील अशी योजना करणे, हे त्याचे सोपे उत्तर. आपल्या गावचेच उदाहरण घेऊ. जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर टाकतो. ते पाणी पिण्याजोगे झाले की नाही हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी अर्ध्या तासाने ओ. टी. टेस्ट करतात. पाण्यात क्लोरीन उरला असेल तर थेंब टाकताच पिवळा रंग येतो. एवढीशी परीक्षा, पण तिच्यावर गावातील हगवण आणि कावीळ टळणे अवलंबून असते.

तथापि क्लोरीनने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. आपला जिल्हा काळ्या पाषाणावर वसलेला आहे. या खडकातील बोअरच्या पाण्यात पुष्कळदा क्षार अधिक असतात. खताचा आणि उकिरड्याचा नायट्रेटही झिरपत खाली जातो. एका लिटरमध्ये ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असलेले पाणी तान्ह्या मुलांना घातक ठरू शकते, आणि ते उकळूनही निर्धोक होत नाही. कोणत्या दोषावर कोणता उपाय, हे ओळखणे म्हणजेच तंत्रज्ञान.

सांडपाण्याचेही तसेच. आपण गोदावरीला श्रद्धेने ‘गंगा’ म्हणतो. पण नदीकाठच्या गावांचे नाले अखेर नदीलाच मिळतात. घाण कुजताना सूक्ष्मजंतू पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकतात आणि मासे गुदमरून मरतात. किती प्राणवायू खर्च होईल याचे माप म्हणजे बी. ओ. डी. पाण्याचा नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून ते काढतात. शुद्धीकरण केंद्रात हेच जंतू मुद्दाम टाकीत वाढवून, त्यांना हवा पुरवून, घाण नदीत जाण्यापूर्वीच त्यांच्याकडून खाववून घेतात.

या क्षेत्रात महाराष्ट्र मागे नव्हता. नागपूरला १९५८ साली स्थापन झालेली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संशोधन संस्था आज ‘नीरी’ या नावाने ओळखली जाते. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली स्थापन झाले. १९७४ चा जल कायदा, १९८१ चा वायू कायदा आणि भोपाळच्या दुर्घटनेनंतरचा १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा यांमुळे कारखाने व नगरपालिका यांना या विषयाच्या जाणकारांची गरज भासू लागली.

मग तयारी कशी करावी? माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. कोणत्या वळणावर कोणती वाट फुटते हे सांगणारे घरी कोणी नव्हते. माझी धाकटी बहीण यंदा दहावीला आहे. तिच्यासारख्या मुलामुलींसाठी ही माहिती मुद्दाम देते. दहावीनंतर तंत्रनिकेतनाचा तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो व त्यानंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. बारावी विज्ञान करून स्थापत्य अभियांत्रिकीला जाता येते. परभणीच्या कृषी विद्यापीठात (स्थापना १९७२) कृषी अभियांत्रिकीत मृद् व जलसंधारण शिकता येते. रसायन किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी. एस्सी. केल्यास पर्यावरणशास्त्रात एम. एस्सी. करता येते. यांपैकी कोणत्याही वाटेसाठी गणित आणि रसायन पक्के हवे, तसेच इंग्रजी पुस्तक वाचून समजण्याची सवय हवी.

“मुलीने नाल्याचे पाणी तपासून काय करायचे?” असे काही वडीलधारी विचारतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, घागरीने पाणी आजवर बायकांनीच वाहिले. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची योजना आहे, ती उगाच नव्हे.

आता आपण कलाशाखेचे विद्यार्थी. अभियंता होण्याची वाट आपल्याला जवळजवळ बंद झाली आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण दार पूर्ण बंद नाही. कोकणात कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभारणारे अप्पासाहेब पटवर्धन हे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. त्यांनी मैल्यापासून खत करणाऱ्या स्वस्त संडासाचा प्रयोग केला. त्यांच्यापासून प्रेरणा घेतलेले देहूचे डॉ. मापुसकर हे वैद्यकीय अधिकारी. त्यांनी संडासाला जोडलेले गोबरगॅससारखे संयंत्र विकसित केले आणि २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. दोघेही अभियंते नव्हते.

खेड्यात बांधलेल्या संडासात कुठे कुठे गोवऱ्या आणि कडबा ठेवलेला दिसतो. तेथे सिमेंट कमी पडले नाही, माणसाशी बोलणे कमी पडले. हे काम भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र शिकलेल्याचे आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा पर्यावरण व शाश्वत विकास या विषयातील पदव्युत्तर डिप्लोमा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला करता येतो. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी किंवा पदवीनंतर तीन वर्षांचे कायद्याचे शिक्षण घेता येते. २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे एक खंडपीठ पुण्यातच आहे.

२०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ती वेळ उद्या आपल्यावर येऊ नये असे वाटत असेल, तर आपल्या गावची विहीर, नाला आणि उकिरडा यांचा अभ्यास आपणच केला पाहिजे. सुरुवात म्हणून ग्रामपंचायतीत जाऊन पाण्याचा तपासणी अहवाल मागावा, तो वाचावा आणि न समजलेले आपल्या प्राध्यापकांना विचारावे. परीक्षेच्या पेपरपेक्षा तो अहवाल आपल्याला अधिक शिकवील.