ताईची पहिली लोकल

बालमित्रांनो, समजा, झरी जामणीची तुमची ताई शिकून इंजिनीअर झाली आणि तिला मुंबईत नोकरी लागली. आपल्याकडे कसं, वणीच्या एस.टी.त चढलं की कंडक्टरच विचारतो, "कुठी चालली बाई?" मुंबईत असं कोण विचारणार?

पहिल्याच दिवशी ताई दादरहून माटुंग्याला निघाली. माटुंगा म्हणजे अगदी पुढचंच स्टेशन. समोर लोकल आली, ताई चढली. पण हे काय? माटुंगा गेलं, शीव गेलं, गाडी थांबायचं नावच घेईना! ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. शेवटी धीर करून तिनं शेजारच्या काकूंना विचारलं, "माटुंग्याला कसं जाऊ जी?"

काकू हसल्या. "अगं, ही जलद गाडी. आता कुर्ल्याला उतर आणि परतीची धीमी पकड."

धीमी लोकल प्रत्येक स्टेशनवर थांबते, जलद मात्र मोजक्याच. फलाटावरच्या इंडिकेटरवर 'एस' दिसलं तर गाडी धीमी, 'एफ' दिसलं तर जलद. एवढं एक अक्षर वाचायचं राहिलं आणि ताईला ऑफिसला उशीर झाला!

गंमत पाहा, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी देशातली पहिली प्रवासी गाडी धावली, ती याच मार्गावर. त्या दिवशी तर सगळेच प्रवासी नवखे होते!

तेव्हा मोठ्या शहरात गेलात तर पाटी नीट वाचा. आणि अडलं तर बिनधास्त विचारा. विचारायला कसली आली लाज?