रेंज गेली म्हणजे जीपीएस गेलं?

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी घाट उतरत होतो. भाचा गाडी चालवत होता, मी शेजारी. घाटात रेंज गेली आणि त्याने मोबाइल स्टँडवरून काढून कप्प्यात टाकला. "मामा, रेंजच नाही, तर जीपीएस कुठून चालणार?" पुढे विळ्याच्या फाट्यावर माणगावऐवजी कोलाडचा रस्ता धरला. चुकल्याचं कळायला टपरीवरच्या चहावाल्याला विचारावं लागलं.

त्या टपरीवर मी मोबाइल कप्प्यातून बाहेर काढला. पडद्यावर रस्ते नव्हते, गावांची नावं नव्हती, नुसते करडे चौकोन. आणि त्या रिकाम्या चौकोनांवर निळा ठिपका ठाण मांडून बसला होता. गाडी हलली तसा तोही हलला. भाच्याला दाखवलं, तर म्हणाला, "हो, पण नेट नाही ना!"

हे वाक्य मी ट्रेकवर ऐकलंय, एसटीत ऐकलंय, सोसायटीच्या जिन्यात ऐकलंय. एका परिचितांनी तर केवळ 'घाटात जीपीएस चालावं' म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम घेतलं. म्हणून एकदाच नीट सांगतो. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. सिमही लागत नाही.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात. रेडिओ केंद्रासारखे ते सतत दोनच गोष्टी सांगत राहतात: मी कुठे आहे आणि माझ्या घड्याळात किती वाजले. मोबाइल फक्त ऐकतो, उलट काही पाठवत नाही. कोणत्या उपग्रहाचा संदेश यायला किती वेळ लागला, यावरून तो अंतर काढतो. किमान चार उपग्रह ऐकू आले की जागा पक्की होते. ही यंत्रणा १९९५ साली पूर्ण क्षमतेने सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे मोबाइल नुकताच येत होता. मोबाइलच्या टॉवरवर चालणारी गोष्ट असती, तर भर समुद्रातल्या जहाजांनी काय केलं असतं?

मग नेट लागतं कशाला? नकाशाला. पडद्यावर दिसणारं चित्र सर्व्हरवरून तुकड्या-तुकड्यांनी येतं. नेहमीच्या पद्धतीत अख्खं जग आधी एका चौकोनात बसवतात आणि प्रत्येक झूमला एका चौकोनाचे चार करतात. अठराव्या पायरीपर्यंत हे तुकडे ६,८७१ कोटींवर जातात. एवढं सगळं मोबाइलमध्ये मावणार नाही, म्हणून बोट सरकवाल तसतसे तुकडे मागवले जातात. रेंज गेली की तुकडे थांबतात, करडे चौकोन उरतात. एरवी रस्ताही सर्व्हरच शोधतो आणि ट्रॅफिकची माहितीही तिथूनच येते. थोडक्यात, विळ्याला ठिपका बरोबर होता. त्याच्याखाली नकाशा नव्हता, कारण आम्ही दोघांनीही तो आधी उतरवून घेतला नव्हता. चूक आमची.

आता कोणी म्हणेल, नेट असलं की ठिपका पटकन येतो, हा आमचा अनुभव खोटा का? खोटा नाही, आणि बहुधा यातूनच हा गैरसमज मुरला असावा. स्वतः कुठे आहे हे प्रत्येक उपग्रह सेकंदाला ५० बिट एवढ्या गोगलगायीच्या वेगाने सांगतो. तेवढी माहिती पूर्ण यायला अर्धं मिनिट लागतं, मध्ये खंड पडला की पुन्हा थांबायचं. नेट असेल तर हीच माहिती मोबाइल आधीच मागवून ठेवतो आणि काही सेकंदांत जागा दाखवतो. नेट नसेल तर बिचारा आकाशाकडे कान लावून बसतो. घाटात एका बाजूला कडा, वर झाडं, त्यात गाडी वळणं घेतेय. तेव्हा दोन-तीन मिनिटंही लागतील. अशा वेळी गाडी मोकळ्या जागी थांबवावी, मोबाइल काचेपाशी ठेवावा आणि धीर धरावा. आपण काय करतो? ॲप बंद करतो, पुन्हा उघडतो, मोबाइल बंद-चालू करतो आणि कंपनीला शिव्या घालतो.

याच वर्गातले आणखी काही गैरसमज.

'ठिपका बाजूच्या रस्त्यावर दाखवतो, म्हणजे ॲप भिकार.' अमेरिकी सरकारच्या जीपीएस संकेतस्थळानुसार मोकळ्या आकाशाखाली मोबाइलची अचूकता साधारण ४.९ मीटर असते. उंच इमारतींमध्ये लहरी भिंतींवर आपटून येतात, तिथे ती आणखी ढासळते. उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता यांत ॲपचा गोंधळ होणारच.

'मोबाइल हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवला की लोकेशन सुधारतं.' त्याने होकायंत्र सुधारतं, म्हणजे तुमचं तोंड कुठे आहे ते कळतं. जागा तीच राहते. (आणि तो इंग्रजी आठ, आपला नव्हे.)

'उपग्रहाला ट्रॅफिक दिसतो, म्हणून रस्ता लाल होतो.' जीपीएसच्या उपग्रहाला कॅमेराच नसतो. लाल रंग येतो तो रस्त्यावरच्या मोबाइलच्या वेगावरून. २०२० साली बर्लिनमध्ये सायमन वेकर्ट या कलाकाराने हातगाडीत ९९ फोन भरले, मोकळ्या रस्त्यावरून गाडी ओढली आणि नकाशावर तो रस्ता लाल करून दाखवला.

'सॅटेलाइट दृश्य थेट असतं.' आमच्या शेजारच्या काकांना त्यात दारातली गाडी कोणी लावली ते बघायचं होतं. ते चित्र महिन्यांपूर्वीचं, कधी वर्षांपूर्वीचं असतं.

'नकाशा अडकतो, नवा फोन घ्यायला हवा.' कधी कधी खरंच हवा. पण आधी सॅटेलाइट आणि थ्रीडी दृश्य बंद करून बघा, आणि काचेमागे उन्हात तापलेला फोन सावलीत घ्या. तापलेला फोन स्वतःला वाचवायला मुद्दाम हळू चालतो.

पुन्हा मूळ मुद्द्यावर येतो, कारण यात जिवाचाही प्रश्न आहे. सह्याद्रीत वाट चुकलेला माणूस 'रेंज नाही' म्हणून मोबाइल खिशात ठेवतो, तेव्हा त्याच मोबाइलला अक्षांश-रेखांश ठाऊक असू शकतात. ते कागदावर लिहून घ्या. रेंजचा एखादा तुकडा मिळाला की एसएमएसने पाठवा, ११२ ला सांगा.

आणि निघण्याआधी घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा उतरवून घ्या. गुगल मॅप्समध्ये त्याला 'ऑफलाइन नकाशे' म्हणतात. नेटशिवाय गाडीचा रस्ता तो सांगतो. ताजं ट्रॅफिक आणि पायवाटा सांगत नाही. विश्वास बसत नसेल तर नकाशा उतरवा, लोकेशन चालू ठेवून मोबाइल विमान मोडवर टाका आणि कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत चालत जा. ठिपका तुमच्यासोबत येतो. भाचा घराखाली दोनदा जाऊन आला.