३० कोटी फेऱ्यांनंतरचं इंजिन

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्यांमध्ये साधारण १४०० अंश सेल्सिअसला तापलेला लोखंडाचा रस वाळूच्या साच्यात ओततात. त्यातून वाहनांचे ओतीव भाग निघतात. जुनी गाडी घेणारा आधी रंग बघतो, मग सीट कव्हर, मग म्युझिक सिस्टीम. माझं म्हणणं, सुरुवात या ओतलेल्या लोखंडापासून, म्हणजे इंजिनापासून करावी.

एक साधा हिशेब. सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर आणि इंजिनाचे फेरे मिनिटाला २००० धरले, तर १ लाख किलोमीटर होईतो क्रँकशाफ्ट ३० कोटी वेळा फिरलेला असतो. प्रत्येक फेरीत पिस्टन एकदा वर, एकदा खाली. म्हणजे सिलिंडरच्या त्याच भिंतीवर ६० कोटी घासण्या! तरीही चांगल्या ठेवलेल्या इंजिनात स्पार्क प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घातला, तर कारखान्यात होनिंग करताना भिंतीवर मारलेल्या तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा अजून दिसतात. या रेघा तेल धरून ठेवतात. शिवाय ओतीव लोखंडात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो. त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपात असल्यामुळे हे लोखंड स्वतःच थोडं वंगण पुरवतं. आजकालचे बरेच इंजिन ब्लॉक ॲल्युमिनियमचे असतात, पण त्यातही सिलिंडरच्या आत बहुधा लोखंडी लायनरच बसवलेला असतो.

इंजिन फिरत असताना क्रँकशाफ्ट बेअरिंगला जवळजवळ टेकतच नाही. तो काही मायक्रॉन जाडीच्या तेलाच्या पडद्यावर तरंगतो. हा पडदा नसतो तो फक्त चालू करतानाच्या क्षणी, कारण रात्रभरात तेल खाली उतरलेलं असतं. म्हणून जुन्या इंजिनाची खरी परीक्षा सकाळच्या पहिल्या स्टार्टला होते. गाडी बघायला गेलात की आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर मालकाने तुम्ही यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवलंय. थंड इंजिन सुरू झाल्यावर खोलवरून ठकठक आली आणि ती थांबेना, तर बेअरिंगला जागा झाली असण्याची शक्यता मोठी.

मग चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण सैल करा. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर जळलेला वायू खाली शिरतो आणि इथून धुराचे झोत येतात. मेस्त्री म्हणतात, 'बॅक कॉम्प्रेशन मारतंय.' सायलेन्सरचा धूर निळा असेल तर ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी तापल्यावरही हटत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर कूलंट सिलिंडरमध्ये जातंय.

हे कूलंट आत कसं पोचतं, याची गोष्ट पुन्हा फौंड्रीतच सापडते. ब्लॉकमध्ये पाणी खेळण्याच्या पोकळ्या घडवायला साच्यात वाळूचे कोअर बसवतात. रस थंडावल्यावर ती वाळू झाडून काढतात. कोअर टेकवायला आणि वाळू काढायला ठेवलेली भोकं पत्र्याच्या गोल टोप्या ठोकून बुजवतात. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातलेल्या गाडीत या टोप्या आतून गंजतात. मग पाणी गळतं, इंजिन तापतं. पुष्कळ इंजिनांत ब्लॉक लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, आणि ही ओढाताण मधल्या पातळ गॅस्केटला सोसावी लागते. ते फाटलं की कूलंट आत शिरतं. जुन्या गाडीत लोखंड सहसा मरत नाही, मरतात त्या टोप्या, गॅस्केट, रबरी नळ्या. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर सावध व्हा, कूलंट ऑइलमध्ये मिसळत असू शकतं. रोज जेमतेम किलोमीटरभर फिरणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणानेही धरते, हेही खरं.

कोल्हापूरच्या भागात आणखी एक तपासणी सोडू नये. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. पुरात बुडालेली गाडी पॉलिश होऊन दूरच्या शहरातही विकली जाऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. तळाशी गुंडाळलेला पट्टा सहसा कोणी धूत नाही, गाळाची रेघ तिथे राहते. सीटखालच्या रुळांचा गंज आणि वायरिंगच्या जोडांवरची हिरवी बुरशीसारखी पूडही बघा. पाणी दाबलं जात नाही. त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना कोणी सेल्फ मारला असेल, तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. तो बाहेरून दिसत नाही, कॉम्प्रेशन मोजल्यावर एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी येतो.

कागदांचं थोडक्यात: आरसी, इंजिन आणि चॅसी नंबर, कर्जाचा बोजा, विम्याचे जुने क्लेम. १५ वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी पुढे ५ वर्षांसाठी नूतनीकरण करून घ्यावी लागते, तो खर्चही भावात धरा.

आणि मालक थंड इंजिन सुरू करून दाखवायला तयार नसेल, तर भाव कितीही पडू दे, ती गाडी घेऊ नका.